चार चौकटी आणि एक रुमाल

प्रिय मुकुंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘या वयात चित्रकथा कसल्या काढतोस?’ या प्रश्नात खवचटपणा किती आणि कुतूहल किती ते मला बरोबर कळलंय. तरी उत्तर देतो, कारण पुढे तुझ्याकडेच काम आहे.

साधनांचं आधी उरकतो. मुलीचा जुना टॅब, त्याचं पेन आणि क्रिटा नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात ब्रश ढीगभर आहेत. मी एकच धरलाय, बाकीच्यांकडे बघत नाही. चित्र मोठं करून कुणाचं नाक घोटत बसलं की दुपार सरते, आणि मोबाइलवर ते नाक ज्वारीच्या दाण्याएवढं दिसतं.

खरं काम आहे ते गोष्ट चौकटींत तोडण्याचं. आपल्या एसटीचीच घे. गाडी फलाटाला लागते, एक गृहस्थ खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि रेटारेटीतून आत पोचतो, तर तिथे एक आजी ऐसपैस बसलेली. वर तीच त्याला रुमाल देत म्हणते, ‘तुमचा का हो? बरा सापडला, घाम पुसला.’ तोंडी सांगताना तू यात कंडक्टर घालशील, डेपोतला चहा घालशील, आजीचं माहेर काढशील. सांगताना ते शोभतंही. चित्रात मात्र प्रत्येक गोष्टीला एक चौकट द्यावी लागते, आणि चौकट वाढली की आजीचं येणं लांबतं.

म्हणून मी आधी शेवटची चौकट काढली आणि तिथून मागे आलो. ही चौकट कळायला वाचकाला काय काय ठाऊक असायला हवं? जागा रुमालाने धरली होती, एवढंच. गाडीचं येणं गेलं, धावणारी गर्दी गेली, कंडक्टरही गेला. राहिलं ते असं: बाहेरून खिडकीत शिरलेला हात आणि रुमाल. मग आतून तेच बाक, त्यावर एकटा रुमाल. मग त्याच बाकावर आजी, मांडीवर पिशवी, कपाळ पुसतेय. आणि शेवटी दांड्याला लोंबकळणारा गृहस्थ, त्याच्यापुढे धरलेला ओला रुमाल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मध्ये दारातली सगळी झोंबाझोंबी आहे. त्यातली एक रेघ मी काढलेली नाही. तरी शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘गर्दी काय मस्त दाखवलीय!’ स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकथाकाराने 1993 सालच्या पुस्तकात चौकटींमधल्या या रिकाम्या जागेवर अख्खं प्रकरण लिहिलंय. काकूंना ते न वाचताच पटलं.

संगणकाचा फायदा इथे कळतो. बाक आणि खिडकी एका लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या एका थरावर, माणसं दुसऱ्यावर. बाक एकदाच काढलं आणि गाडीच्या आतल्या तिन्ही चौकटींत जसंच्या तसं ठेवलं. हाताने तीनदा काढलं असतं तर खिडकी दर वेळी थोडी हलली असती आणि नजर तिकडे गेली असती. काहीच हलत नाही म्हणून नवं आलेलं माणूस लगेच दिसतं.

शब्दांचं मात्र अवघड आहे बाबा. गृहस्थाच्या तोंडी मी आधी ‘अहो, ही जागा मी धरली होती’ घातलं होतं. खोडलं. त्याचं तोंड नुसतं उघडं ठेवलं, जास्त हसू आलं. शि. द. फडणीसांची चित्रं आठव, बहुतेकांत एक अक्षर नसतं. आजीचं वाक्य ठेवलं, कारण त्याशिवाय ती बेरकी आहे की भोळी हे कळत नाही. (मलाही अजून कळलेलं नाही.) संवादाच्या फुग्यासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींनी केलेला ‘बलू’ हा फॉन्ट घेतला, गुबगुबीत आणि फुकट. आपल्या लिपीत वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं आणि फुगा फुगतो. तेव्हा आता फुग्याची जागा आधी आखतो, डोकी मागाहून. आणि जो आधी बोलतो त्याचा फुगा वर डावीकडे, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं.

वर्तमानपत्रात ‘चिंटू’ वाचायचो तेव्हा चौकटी आडव्या ओळीत असायच्या. माझी तरी नजर आधी शेवटच्या चौकटीत पळायची. मोबाइलवर मी कोरियातल्या वेबटूनसारखी, म्हणजे खाली सरकवत वाचायच्या चित्रकथांसारखी, उभी पट्टी केली. दुसऱ्या चौकटीखाली भरपूर पांढरं सोडलं. अंगठा सरकेपर्यंत बाकावर रुमाल एकटाच, आणि मग आजी! कागदावर ही चैन मला परवडली नसती.

आता तुझं काम. तुमच्या वाड्याच्या विहिरीत पडलेल्या चपलेची गोष्ट मला हवी आहे. फोनवर सांगू नकोस, तू वाहवतोस. चार ओळींत लिहून पाठव, शेवटची ओळ आधी. आणि विहिरीचा एक फोटो काढ, रहाट दिसेल असा. रहाट मला आठवणीतून काढता येत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल