कूलरच्या टाकीतले पाणी पूर्ण निघत नाही, याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

होळी झाल्यावर मी तुमच्या कंपनीचा मोठ्या टाकीचा, प्लास्टिक बॉडीचा कूलर घेतला. हवा तो चांगली गार देतो, त्याबद्दल काही म्हणणे नाही. माझी तक्रार त्याच्या टाकीच्या तळाशी राहणाऱ्या पाण्याची आहे.

पाणी सोडायचे बूच तुम्ही मागच्या बाजूला, तळापासून दोन बोटे वर बसवले आहे. बूच काढले की बाकीचे पाणी वाहून जाते, पण तेवढे दोन बोटे पाणी आतच राहते. कूलर एका बाजूला कलवायला जावे तर चाके सरकतात आणि वजन एकट्या बाईला आवरत नाही. फडक्याने टिपून घ्यावे तर पॅडच्या जाळ्या स्क्रूने घट्ट बसवलेल्या आहेत. त्या काढल्या तरी मध्ये पंप आडवा येतो आणि मागच्या कोपऱ्यांपर्यंत हात जात नाही. तुमच्या माहितीपुस्तिकेत फक्त "आठवड्यातून एकदा पाणी बदला" एवढेच लिहिले आहे. तळाचे पाणी काढायचे कसे, याबद्दल त्यात एक ओळही नाही.

हेल्पलाइनवर मला सांगण्यात आले की एवढे पाणी राहणे नॉर्मल आहे. नंतर आलेला तंत्रज्ञही तेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. मला हे मुळीच मान्य नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असे सांगतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही, टाकी आतून घासावी लागते. तुमच्या टाकीत ते करताच येत नाही.

शिवाय खरी काळजी उन्हाळ्यातली नाही. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की आमच्याकडे कूलर बंद होतात आणि बरेच कूलर खिडकीबाहेर, स्टँडवर तसेच राहतात. डेंग्यूचे दिवस त्यानंतरच सुरू होतात. महापालिकेचे लोक घरोघरी येऊन कूलर, कुंड्या, टायर तपासतात आणि पाणी ओतून द्यायला लावतात. तुमचा कूलर घरात असला तर मी त्यांना काय ओतून दाखवू? आमच्या घरात म्हातारे सासरे आहेत, लहान मूल आहे.

कूलर वापरू नका, एसी घ्या, असे तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले. हा सल्ला मला फार लागला. मी घरी शिलाईकाम करते. लग्नसराईचे ब्लाउज एप्रिल-मेमध्येच येतात, आणि नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांतही, दुपारभर मशीनवर बसावे लागते. आमच्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आमची हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या बाष्पीभवनाने खोली खरोखर थंड होते, आणि तेही दोनशे वॅटच्या आसपास विजेत. दीड टनाच्या एसीला दीड हजार वॅटच्या घरात वीज लागते. ते बिल भरायचे तर शिलाईतून हाती काही उरणार नाही. नागपुरात कूलर ही गरज आहे, आणि ती कमी खर्चात भागते म्हणूनच आम्ही तो घेतो.

आमचा आधीचा पत्र्याचा कूलर इतवारीतल्या कारागिराने बनवलेला होता. त्याच्या तिन्ही बाजूंच्या ताट्या, म्हणजे पॅडच्या चौकटी, उचलून बाजूला ठेवता येत. पाणी सोडायचे भोक टाकीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात होते. ब्रश घेऊन बसले की टाकी स्वच्छ व्हायची. तळ गंजला म्हणून तो काढावा लागला, नाहीतर तो आजही चालला असता. जे त्या कारागिराला साधले ते तुमच्या कारखान्यात का साधू नये, हे मला कळत नाही.

आणखी एक गोष्ट. एप्रिलमध्ये टच पॅनल बंद पडले. तंत्रज्ञाने पूर्ण पॅनल बदलायला सांगितले. वॉरंटी असल्याने यंदा पैसे पडले नाहीत, पण वॉरंटी संपल्यावर काय? सीताबर्डीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला जुने पॅनल दाखवले, तर बोर्डावर रेझिन (घट्ट होणारा चिकट थर) ओतलेले असल्याने त्याला हातच लावता येईना. पंखा आणि पंपासाठी साधी बटणे दिली असती तर पाच-दहा रुपयांच्या भागासाठी भर उन्हाळ्यात यंत्र अडले नसते.

माझी मागणी अशी आहे. टाकी तळापासून पूर्ण रिकामी होईल अशी सोय माझ्या कूलरमध्ये विनाशुल्क करून द्यावी. ते शक्य नसेल तर कूलर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. हेच मॉडेल घेतलेल्या इतर ग्राहकांनाही टाकी कोरडी कशी करायची हे लेखी कळवावे, कारण त्यांच्याही टाकीत हे पाणी असणारच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी सांगताना रचनेतला दोष आणि अपुऱ्या सूचना या दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड आणि बूच काढल्यानंतर टाकीत उरलेल्या पाण्याचे फोटो जोडले आहेत. तंत्रज्ञ पाठवणार असाल तर पॅडच्या जाळ्या उघडायची अवजारे घेऊन पाठवावा, म्हणजे त्याला आतला भाग स्वतः पाहता येईल.

आपली,
एक ग्राहक, नागपूर