लॅबमधलं मशीनही मशीनच असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट दिवसातनं किती वेळा जाते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. या जाण्यायेण्यातच माझ्यासमोर एका पोराची दोन बोटं गेली, म्हणून हे पत्र.

मी एका संस्थेच्या माती आणि पानं तपासायच्या लॅबमध्ये बरीच वर्षं असिस्टंट होतो, संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथे एक सॅम्पल ग्राइंडर होता. आंब्याची पानं ओव्हनमध्ये वाळवायची आणि त्यात दळून पावडर करायची. त्या दिवशी दळता दळता लाइट गेली, मशीन थांबलं, अर्धी पानं आत अडकलेली. पोरगा शिकाऊ, हुशार, कामाला तत्पर, त्याने म्हटलं थांबलंच आहे तर साफ करून घेऊ, आणि वरनं हात घातला. स्विच चालूच राहिलेला. लाइट आली. मशीनने काही विचारलं नाही, आपोआप फिरायला लागलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी मेन पाडेपर्यंत दोन बोटांची पेरं गेली होती.

आता हेच मशीन गावातल्या लाकडाच्या वखारीत असतं ना, तर त्याला साधा स्टार्टर असता, हिरवं बटण लाल बटण. त्याच्या आत नो-व्होल्ट कॉइल असते, लाइट गेली की ती सोडते, मग लाइट परत आली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. वखारवाल्याला हे माहीत असतं, लेथवाल्याला माहीत असतं, आणि लॅबमध्ये मात्र तेवढ्याच ताकदीची मोटर भिंतीवरच्या साध्या स्विचवर चालते, का तर म्हणे हे ‘उपकरण’ आहे, मशीन नाही.

सेंट्रीफ्यूजचंही, म्हणजे ट्यूबमधला नमुना गरगर फिरवून त्यातले भाग वेगळे करणाऱ्या मशीनचंही, तसंच. 4000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 4000 फेरे, फिरणारा 15 सेंटीमीटर त्रिज्येचा रोटर घ्या, त्यात 20 ग्रॅमची भरलेली ट्यूब रोटरच्या भिंतीवर 50 किलोच्या वर दाब देते, म्हणजे तांदळाची एक अख्खी गोणी. म्हणून झाकण उघडं असताना मशीन सुरूच होऊ नये आणि फिरत असताना झाकण उघडू नये, असं लॅबच्या उपकरणांच्या आयईसी 61010 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये आहे. पण आपल्या खाऱ्या हवेत झाकण लागलंय का ते ओळखणारा छोटा मायक्रोस्विच दोन-तीन पावसाळ्यात गंजतो, मशीन सुरू होत नाही, मग कुणीतरी दोन वायरी पिळून जोडून देतो आणि वर चिकटपट्टी मारतो. अशी चिकटपट्टी मी स्वतः काढलेली आहे. जोडणारा माणूस वाईट नव्हता, उद्या प्रॅक्टिकल होतं आणि मेकॅनिक मुंबईहून येणार होता.

1948 च्या कारखाना कायद्यात कलम 21 होतं, यंत्राचा धोकादायक भाग झाकलेला पाहिजे म्हणून. आता त्याची जागा कामगारांच्या सुरक्षेच्या 2020 च्या संहितेने घेतलीय. पण हे सगळं कारखान्यातल्या कामगारासाठी. कॉलेजच्या लॅबमध्ये येणारं पोर कामगार नाही, म्हणून तपासायला कुणी येत नाही. हे आपल्याकडेच आहे असंही नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एका विद्यार्थिनीचे केस रात्री लेथमध्ये अडकले, ती एकटीच होती, त्यात गेली. तिकडच्या ओशाने, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी खात्याने, तपास करून लेथला गार्ड नव्हते असं लिहिलं, पण ती नोकर नव्हती, विद्यार्थिनी होती, म्हणून दंड करता आला नाही. बोटं काय नि केस काय, नोकरीचं पत्र बघून अडकत नाहीत.

काही प्राध्यापक म्हणतात युरोपातही लॅबला सूट आहे. आहे, पण ती संशोधनासाठी मुद्दाम बनवलेल्या आणि लॅबमध्ये तात्पुरत्या वापरायच्या यंत्रांना आहे. दुकानातनं बिल घेऊन आणलेला आणि वीस वर्षं वापरलेला ग्राइंडर त्यात कसा बसेल?

माझी मागणी मोठी नाही. शाळा-कॉलेजं, माती परीक्षण केंद्रं, काजू-आंबा प्रोसेसिंगवाल्यांच्या टेस्टिंग लॅब, सगळीकडे फिरणाऱ्या मशीनला कारखान्याचेच नियम लावा: गार्ड, झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडं असेल तर मशीन फिरू न देणारा), हाताशी लाल बटण आणि नो-व्होल्ट स्टार्टर. शासन करेल तेव्हा करेल, लॅबवाल्यांनी वाट बघू नये. जूनच्या आत एक चाचणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. मशीन रिकामं ठेवा, झाकण लावा, चालू करा. मग मेन पाडा, पूर्ण थांबू दे, सगळ्यांना लांब उभं करा आणि मेन परत चालू करा. आपोआप फिरलं तर त्याचा प्लग काढून ठेवा, आणि वायरमन येऊन स्टार्टर बसवून जाईपर्यंत कुणालाही लावू देऊ नका, परीक्षा तोंडावर असली तरी.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी