जाहिरातीतला भोवरा जरा नीट पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तासगावात माझे केशकर्तनालय आहे. वडिलांच्या हाताखाली वस्तरा धरला त्याला यंदा ३१ वर्षे झाली आणि आपला पेपर आमच्या दुकानात त्याच्याही आधीपासून येतो. आज गिऱ्हाईक वाचते, उद्या त्याचेच चौकोनी तुकडे करून आम्ही दाढीचा फेस पुसायला घेतो. राग मानू नये, धंद्याची रीत आहे. त्यामुळे आपल्याकडची प्रत्येक जाहिरात मला दोनदा भेटते, एकदा कोरी करकरीत आणि एकदा फेसाखाली. हल्ली फेसाखाली सारखे एकच येते आहे: पुरुषांच्या टकलावरचे तेल, ‘९० दिवसांत नवे केस’ आणि शेजारी ‘आधी’ व ‘नंतर’ असे दोन फोटो. मागच्या महिन्यात तर पुरवणीत डाव्या हाताला डॉक्टरांचे सदर होते आणि उजव्या हाताला अर्धे पान हे तेल.

टक्कल पडू लागले हे माणसाला आरशात दिसते, त्याच्या दोन-तीन वर्षे आधी ते आम्हाला कापडावर दिसते. गळ्याभोवती पांढरे कापड बांधून कानाजवळ मशीन लावले की पडतात ते केस काळेभोर, राठ. तेच मशीन माथ्यावर नेले की पडतात ते बारीक, पिंगट, तान्ह्या बाळाच्या जावळासारखे. केस मोजायला गेलात तर फारसे कमी भरणार नाहीत, पण प्रत्येक केस उतरलेला असतो. पूर्वी मी हे पाहून गप्प बसायचो. पंचविशीच्या पोराला कुणी सांगावे?

गप्पच बसलो असतो तरी बरे होते. सात-आठ वर्षांपूर्वी एक एजंट तेलाच्या बाटल्या घेऊन आला. बाटलीमागे ६० रुपये मला. आरशाखालच्या फळीवर ओळीने मांडल्या. त्या सुमारास आमच्याकडचे एक गुरुजी टायफॉईडमधून उठले होते. दोन महिन्यांनी त्यांचे केस कंगव्याला झुबक्याने यायला लागले, मी त्यांना बाटली दिली, आणि चार-पाच महिन्यांत केस होते तसे भरले. गुरुजींनी शाळेच्या स्टाफरूममध्ये तेलाचे असे कौतुक केले की तेवढ्यावर माझ्या ११ बाटल्या गेल्या. पुढे कळले की मोठा ताप, डेंग्यू, ऑपरेशन असे काही झाले की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि मूळ शाबूत असल्याने आपले आपण परत येतात. तेल लावा नाही तर गोडेतेल लावा. गुरुजींचे येणारच होते. त्या ११ जणांत तिघांचे माथे मला आजही दर महिन्याला दिसतात, आणि त्यांना कापड बांधताना मी जरा इकडेतिकडे बघतो.

केस जाणे एका प्रकारचे नसते, हे लोकांना कुणी सांगतच नाही. रुपयाएवढी गुळगुळीत चकती पडली तर ती चाई, तिच्यावर लसूण चोळून साल काढू नये, डॉक्टरला दाखवावी. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका-पोरांसकट लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने हातात आले, तेही वेगळेच होते. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम नावाच्या खनिजाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. पण त्या पंधरवड्यात आमच्या पेठेत केसांच्या तेलाला काय उठाव होता! शेगावच्या गव्हाचा आणि तासगावच्या टकलाचा संबंध काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

आता मुद्द्याचे. माझा भाचा चाकणला कंपनीत आहे. चोविसाव्या वर्षी त्याचे केस माझ्या कापडावर जावळासारखे पडले. मी काही बोलायच्या आत पठ्ठ्याने मोबाईलवर जाहिरात बघून एका क्लिनिकमध्ये नाव घातलेसुद्धा. पांढरा कोट घातलेली बाई भेटली, ती डॉक्टर नव्हती, ‘काउन्सेलर’ होती. पॅकेज ४२ हजारांचे, हप्त्याने. दंडातून रक्त काढून त्यातला वरचा भाग डोक्यात टोचायचा, शिवाय त्यांचाच शाम्पू, त्यांच्याच गोळ्या, आणि गोळ्यांच्या पुडीवर नाव कसले ते नाही. १४ महिने गेले. हप्ते फिटले आणि भांगाची रेघ बोटभर झाली. बहीण माझ्यावरच उखडली, “दादा, तुझं दुकान असून पोरगं असं कसं फसलं?”

एका सोमवारी दुकान बंद असते म्हणून मीच त्याला मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन गेलो. केसपेपर काढला, त्वचारोग विभागात दोन तास बाकावर बसलो. तपासणारी डॉक्टर आमच्या पोरीच्या वयाची. तिने चाळीसेक केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली, किती हातात येतात ते पाहिले, मग भिंगाचे छोटे यंत्र डोक्याला लावले. म्हणाली, “मागचे केस जाड, वरचे बारीक. हे वडिलांकडचं किंवा आईकडचं आहे.” मी म्हटले, बाई, हे मी कापडावर पाहिले होते. ती हसली आणि मला खुर्ची ओढून बसवून समजावले. पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी म्हणून एक पदार्थ तयार होतो. ज्यांच्या घराण्यात आहे त्यांची माथ्यावरची मुळे त्याला हळवी असतात. केस गळून पुन्हा येतो तो दर खेपेला थोडा बारीक येतो, शेवटी नुसती लव राहते. कानावरची आणि मानेवरची मुळे त्याला दाद देत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या माणसालाही झालर असते.

तिने दोनच गोष्टी लिहून दिल्या. एक, मिनॉक्सिडिलचे ५ टक्क्यांचे पाणी माथ्याला लावायला. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली तेव्हा त्याचा हा उपयोग ध्यानात आला, आणि १९८८ साली अमेरिकेत ते टकलासाठी मंजूर झाले. दुसरी, फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, जी तिकडे १९९७ पासून या कामाला आहे. हीच गोळी ५ मिलिग्रॅममध्ये म्हाताऱ्यांना प्रोस्टेटसाठी देतात. ती डीएचटी कमी करते. लपवले काहीच नाही. थोड्या जणांची कामेच्छा मंदावते, कुणाला उदास वाटते. तसे झाले तर गोळी थांबवून लगेच यायचे. गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळायची नाही, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. दिलेले रक्त गरोदर बाईलाही चढू शकते, म्हणून गणपतीतल्या रक्तदान शिबिरात भाच्याने यंदा सतरंज्या उचलल्या, रक्त दिले नाही. आणि माझ्या वयाच्या माणसाने ही गोळी चालू असताना पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची, तपासणी केली तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण तो आकडा निम्म्यावर येतो.

सहाव्या आठवड्यात भाच्याचा फोन, “मामा, पाणी बंद करतो, केस जास्तच गळायला लागलेत.” डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगून ठेवले होते, जुने केस झडून नवे वर येतात तेव्हा असे होते. मी त्याला शिव्या घालून चालू ठेवायला लावले. आता वर्ष झाले. कपाळाचे दोन्ही कोपरे गेले ते गेलेच. पण माथा थांबला आहे, भोवऱ्याजवळ थोडे भरले आहे, आणि कापडावर पडणारे केस पुन्हा काळे दिसू लागले आहेत. खर्च महिन्याला ८०० च्या आत. बंद केले तर वर्षभरात पुन्हा होते तिथे येणार, हेही त्याला ठाऊक आहे.

आपल्याला पत्र लिहायला बसलो ते यासाठी. हे औषध असलेले केस धरून ठेवते, बारीक झालेले थोडे जाड करते. गुळगुळीत झालेल्या माथ्यावर पीक काढत नाही. म्हणजे जे करायचे ते मूळ जिवंत आहे त्याच दोन-चार वर्षांत. आणि नेमकी तीच वर्षे पोरगा ‘९० दिवस’, मग आणखी ९० दिवस, मग दुसरी बाटली यात घालवतो. पैसे गेले तर ओव्हरटाइम करून मिळतील. भाच्याचे १४ महिने कुठून आणू?

पुढची पायरी केस लावण्याची. मागची झालर उपटून पुढे रोवायची, म्हणजे रोपवाटिकाच. चांगल्या हातून झाली तर होते, मी पाहिली आहेत. पण आमच्या दुकानातला एक कारागीर मध्यंतरी अशाच एका ठिकाणी गेला. पंधरा दिवस शिकवले आणि माणसाच्या डोक्याला भोके पाडायला उभा केला. म्हणे, “तुमचा हात सराईत आहे.” माझे आजोबा तुंबड्या लावायचे, गळवे कापायचे. तो काळ गेला म्हणून आम्ही सुटलो, आणि हे आम्हाला परत तिथेच नेतात! राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच बजावले आहे की हे काम त्याचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचे, यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेला बसून ते येत नाही. कारागीर तीन महिन्यांत परत आला. रात्री झोप लागत नव्हती म्हणाला.

आमच्याकडे एक निवृत्त फार्मासिस्ट दर पंधरा दिवसांनी दाढीला येतात. त्यांनी मला १९४५ च्या औषध नियमांतले परिशिष्ट ‘जे’ दाखवले. अमुक आजार आमच्या औषधाने बरा होतो असा दावा करायचा नाही, अशा आजारांची ती यादी. त्यात टक्कल आहे आणि नवे केस उगवणेही आहे. म्हणून हुशार मंडळी बाटलीला औषध म्हणतच नाहीत, सौंदर्यप्रसाधन म्हणतात, आणि फोटोला बोलू देतात. आपला जाहिरात विभाग पैसे घेण्याआधी हे परिशिष्ट एकदा वाचेल का? आणि डॉक्टरांच्या सदराशेजारी तरी ही बाटली नको. गिऱ्हाइकाला वाटते डॉक्टरनेच सांगितली. मला तोंडावर तसे म्हणणारे दोघे भेटले.

मी माझ्यापुरते केले आहे. फळीवर आता तुरटी आणि पावडर एवढेच. आणि कापडावर जावळ दिसले की पोराला हळूच, बाकीचे गिऱ्हाईक गेल्यावर, मिरजेला जायला सांगतो. एकजण रागावून दुसऱ्या दुकानात गेला. जाऊ दे.

आपण छापलेल्या ताज्या जाहिरातीचे कात्रण सोबत जोडले आहे. फेसाचा डाग आहे, माफ करावे. ‘आधी’च्या फोटोत माथा वरून घेतलेला आहे आणि भोवरा एक आहे. केस विरळ असले की भोवरा लपत नाही, उलट जास्तच दिसतो. ‘नंतर’च्या फोटोत केस दाट आहेत आणि भोवरे दोन. आमच्याकडे दोन भोवऱ्यांच्या माणसाला दोन बायका असतात म्हणतात, त्याचे मला ठाऊक नाही. पण भोवरा जन्माला येतो तेवढाच राहतो, हे ३१ वर्षे डोकी पाहून सांगतो. ती दोन माणसे कोण, एवढे जाहिरातदाराला विचारून कळवावे.

नाव छापू नये, दुकान रस्त्यावर आहे.

आपला,
एक केशकर्तनकार
तासगाव, जि. सांगली