माजाळीच्या डोंगरवाटेवर भेटलेल्यांचे आभार

कारवारजवळच्या सदाशिवगडला मावशीकडे आलो होतो, तेव्हा आम्ही बेळगावकर मंडळी माजाळीहून टेकडी चढून तिळमातीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याकडे निघालो. उतरणीला आईचा पाय मुरगळला. खाली खडकावर गळ टाकून बसलेले दोघे दादा हातातलं काम सोडून धावत वर आले. एकाने कोयत्याने काठी तोडून दिली, दुसऱ्याने स्वतःचा पंचा ओला करून घोट्याला घट्ट बांधला. नावं विचारली तर नुसते हसले.

आई टेकली तिथूनच त्यांनी वर बोट दाखवलं. समुद्रगरुड! पांढरंशुभ्र पोट, राखाडी पंख आणि पंजात वळवळणारा समुद्रसाप. दुर्बिणी आमच्या गळ्यात, पण आधी दिसला त्यांनाच. ही जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचते, हेही त्यांनीच सांगितलं.

पैसे न घेता टेम्पोतून घरापर्यंत सोडणाऱ्या काकांचेही आभार. त्यांच्याच सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी काळी नदीच्या मुखाशी गेलो आणि डॉल्फिन पाहिले. (आई लंगडत का होईना, आलीच!)

पंचा धुऊन मावशीकडे ठेवलाय. बेळगावला आलात तर कुंदा आमच्याकडून.