पुराच्या कामाला निघालेल्या मुलास

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं ‘हो आई, हो आई’ करून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. तुमची एनएसएसची पोरं शनिवारी कल्लोळकडं निघालीत आणि तूही त्यांच्यात आहेस, हे मला काकूच्या मोबाईलवर फोटो बघून कळलं. असू दे. पाण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते तात्या बोलतील.

कल्लोळ-येडूरचा पूल बुडालाय, इकडं वेदगंगेवरचा जत्राट-भिवशीचाही. एवढ्या जवळ येऊनही घरी येणं व्हायचं नाही तुझं. जवळच्या देवचंद कॉलेजला घातलं असतं तर रोज घरचा डबा खाल्ला असतास, पण ते अर्जुननगरला, आणि अर्जुननगर पडलं महाराष्ट्रात, आणि तात्यांचा हट्ट, राहायचं कर्नाटकात तर डिग्री राणी चन्नम्मा विद्यापीठाचीच. बरोबरच होतं म्हणा त्यांचं.

पोहता येतं म्हणून पुढं पुढं करू नकोस. काकानं भोपळा बांधून विहिरीत शिकवलं तुला. विहिरीला ओढ नसते. आणि उसाच्या रानात पाणी पसरलं की बांध कुठला, विहीर कुठली, काही कळत नाही. तारेचं कुंपणसुद्धा पाण्याखाली असतं. बापूंचं तुला ठाऊक आहे, परत लिहीत नाही. आज्जी अजून त्या वाटेनं जात नाही.

बघ, नाही म्हणता म्हणता लिहिलंच.

गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, काय लागतं ते मात्र माझ्याकडून ऐक. २०१९ ला आपण स्वतःच शाळेत जाऊन राहिलो होतो. जुन्या कपड्यांचा ढीग व्हरांड्यात भिजून कुजला, कुणी हात लावला नाही. बायकांना पॅड हवे होते, आतले कपडे हवे होते, आणि ते मागायचे कुणाकडं? सगळे वाटणारे बाप्ये. तुमच्यातल्या मुलींना आधी तिकडं पाठव. देताना फोटो काढू नका. रांगेतली बाई काल स्वतः चार माणसांना जेवू घालत होती, हे ध्यानात ठेव. कुणा पोराला जुलाब लागले तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि डॉक्टरकडं न्यायला उशीर नको. पायाला जखम असेल तर तू पाण्यात उतरायचंच नाहीस, उंदराच्या मुतानं ताप येतो...

अंगणवाडीच्या बाईसारखी बोलायला लागले. माफ कर. तुम्हाला शिबिरात हे सगळं शिकवलं असेल.

पण त्या वर्षीचं आठवतं तुला? १०,००० रुपयांच्या मदतीचे कागद कन्नडमधून, आणि आपल्या गल्लीत वाचणारं कोण? आठवीतला तू. शाळेच्या पायरीवर बसून एकेकाचा कागद वाचून दाखवायचास. घर किती पडलं, भिंत कुठली, जनावरं किती. तिथल्या एका साहेबानं म्हाताऱ्यांना तीनदा परत पाठवलं, तेव्हा तू त्याच्याशी कन्नडमध्ये असा बोललास की मी मागं उभी राहून घाबरले, आणि रात्री तात्यांना सांगताना मला रडू आलं. तेव्हा कुठला एनएसएसचा बिल्ला होता तुझ्याकडं, कुठले सेवेचे वर्षाचे १२० तास? आताही तेच काम कर की. नदीकाठी मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या खूप आहेत. कागदाला माणूस लागतो, होडीला एनडीआरएफचे जवान आहेत.

तुमच्या बिल्ल्यावरच्या चाकाला आठ आरे, म्हणजे आठी प्रहर सेवेला तयार, असं तू आज्जीला समजावत होतास. ती म्हणते, दोन प्रहर झोपायला ठेव म्हणावं.

काकाबरोबर लाडू आणि बुटांसाठी पैसे पाठवलेत. चप्पल घालून जाऊ नकोस. बीएस्सीचे पेपर कधी आहेत तेही कळव, दादा फीचं विचारत होता.

तुझी,
आई

ता. क. होडीत बसायची वेळ आलीच तर आधी लाइफ जॅकेट मागून घे. सर काहीही म्हणोत, जॅकेट नसेल तर बसायचं नाही.