हँगर सोडल्यावर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी ख्यालीखुशालीच्या आणि उरलेली दोन पानं माझी उलटतपासणी! हातात विमान-देखभालीचा परवाना, त्यावर टाइप रेटिंग (ठरावीक जातीच्या विमानाच्या कामावर सही करायची मुभा), आणि हा गडी रंधा मारत बसलाय, हे तुझ्या पचनी पडत नाही. घरच्यांच्याही पडलं नव्हतं. ‘रात्रपाळी झेपत नाही’ एवढं सांगून मी त्यांच्यापुरता मोकळा झालो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. बाकीचं तुला सांगतो, कारण तू अजून रोज सही करतोस.

विमानं दिवसा कमावतात, म्हणून आपण रात्री जागायचं. पहाटे तीननंतर अंग गळून जातं आणि नेमकी तेव्हाच विमान सोडायची घाई. 1990 च्या जूनमधली ती बीएसी वन-इलेव्हन या प्रवासी विमानाची केस आठवते? ह्यूमन फॅक्टर्सच्या, म्हणजे माणसाच्या हातून चुका कशा होतात त्याच्या, वर्गात शिकवली होती. 17,300 फुटांवर कॉकपिटची काच उडाली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, केबिन क्रूने पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काचेच्या 90 बोल्टपैकी 84 बोल्ट व्यासाने 0.66 मिलिमीटर बारीक निघाले. रात्रपाळीत माणसं कमी, म्हणून पाळीप्रमुखाने काम स्वतः अंगावर घेतलं आणि जुना बोल्ट हातात धरून नवा नजरेने जुळवला. वर्गात सगळे ‘असं कसं केलं यानं’ म्हणत होते. मला तो माणूस अजिबात परका वाटला नाही. अनुभवी, कष्टाळू, वरिष्ठांच्या मर्जीतला. निष्काळजी माणसाची गोष्ट असती तर मी निवांत झोपलो असतो.

झोपेचंच बघ ना. लॉगबुकात सही केली की आपण घरी, विमान समुद्रावर. आणि मी अंथरुणात पडून सेफ्टी वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, पुन्हा ओवतोय: पीळ नीट बसला का, ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच आहे ना. सगळं बरोबर असायचं, ते मला माहीत असायचं, तरी मन हँगरमधून घरी यायचं नाही. तुला हे होत नसेल तर तू भाग्यवान. तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावरून मला शंका आहे, पण ते असो.

लाकडाकडे का वळलो याचं काही थोर कारण नाही. हाताला काम हवं होतं आणि एक म्हातारे मिस्त्री शिकवायला तयार होते. लोकांना ही उलटी वाट वाटते. पण पहिल्या विमानाचा सांगाडा लाकडाचाच होता, आणि दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो विमानाचे भाग फर्निचरच्या कारखान्यांत बनत. सुतार विमानांकडे जाऊ शकतात, तर मी तिकडून इकडे का नाही?

पहिलं टेबल केलं तेव्हा वरचा तक्ता खालच्या चौकटीला चारी बाजूंनी घट्ट आवळायला निघालो होतो, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजून! मिस्त्रींनी हात धरला. लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. रेषांच्या लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. म्हणून स्क्रूसाठी गोल भोक न पाडता लांबट खाच ठेवायची, म्हणजे तक्ता सरकू शकतो. घट्ट आवळलास तर एखाद्या ऋतूत मधोमध तडकेल. आवाजापेक्षा वेगाने उडणारं कॉन्कॉर्ड विमान उडताना तापून 15 ते 25 सेंटिमीटर लांब व्हायचं, हे आपण कौतुकाने वाचायचो. त्याची तजवीज कुणीतरी दूरच्या डिझाइन ऑफिसात बसून केलेली असायची. इथे ती मलाच करायची. किती जागा सोडायची हे तक्त्याची रुंदी, लाकडाची जात आणि हवा बघून ठरतं. मिस्त्री सांध्यावर पटाशी टेकवतात, एक डोळा मिटतात आणि केसाएवढा काप काढतात. नजरेने जुळवणं! तिकडे ज्याने एका माणसाचा जीव टांगणीला लागला, तेच इथे कसब. ही गोष्ट अंगी मुरायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतोय. अजून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर खिशात असतो, आणि मिस्त्री त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करतात.

पैसा कमी झाला, तोही वेळेवर येत नाही. गिऱ्हाईक माप देऊन झाल्यावर मत बदलतं. विमानाने कधी मत बदललं नव्हतं. आणखी एक उणीव जाणवते: दुसरी नजर. फ्लाइट कंट्रोलचं, म्हणजे विमान वळवणाऱ्या-चढवणाऱ्या यंत्रणेचं, काम झालं की आपल्यानंतर दुसरा माणूस स्वतंत्रपणे तपासायचा, त्याची वेगळी सही. इथे माझं काम तपासणारं कुणी नाही. सवय मात्र जात नाही. संध्याकाळी हत्यारं मोजूनच दुकान बंद करतो. भिंतीवर प्रत्येकाची आकृती रंगवून ठेवलीय, रिकामी दिसली की शोधाशोध सुरू.

आता तुझ्याबद्दल. माझं बघून राजीनामा खरडू नकोस. तुला दोन्ही लेकरांची शिक्षणं काढायची आहेत, आणि तुझा हात इंजिनावर जसा चालतो तसा माझा कधी चालला नाही. नुसता थकवा असेल तर आधी दिवसपाळी माग, प्लॅनिंगमध्ये किंवा शिकवण्याच्या कामात बदली मिळते का बघ. परवाना जिवंत ठेवायचा तर दोन वर्षांत सहा महिन्यांचं काम दाखवावं लागतं, तेवढी मुदत हाताशी ठेवूनच काय ते ठरव. माझी ती मुदत मी जाणूनबुजून जाऊ दिली. दार उघडं राहिलं असतं तर पहिल्याच मंदीत परत पळालो असतो.

रजा मिळाली की चार दिवस ये. एका मोठ्या कपाटाचं काम घेतलंय, उभं करायला दोन माणसं लागतील. येताना माझा जुना टॉर्क रेंच आण, तुझ्या लॉकरमध्ये राहिलाय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना पाळीसोबती