वाहिनीचा मार्ग ठरण्याआधी शेतकऱ्याचे ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तासगाव तालुक्यातून 400 केव्हीची (किलोव्होल्टची) अतिउच्च दाबाची वीजवाहिनी नेण्याचा प्रस्ताव आहे, हे आम्हाला कळले ते बांधावरच्या दगडांवर लाल रंगाचे आकडे दिसल्यावर. मोजणीला आलेल्या मुलांना विचारले तर ‘आम्हाला काही माहीत नाही, साहेबांना विचारा’. नंतर समजले की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येऊन गेली होती. तीत गावांची नावे होती, गट नंबर नव्हते. त्यात द्राक्षाच्या ऐन फळछाटणीचे दिवस. डाऊनी रोगाच्या धास्तीने माणूस दिवस उगवायच्या आधी औषध मारायला बागेत उतरतो, त्या दिवसांत अशा सूचना कोण वाचणार?

विजेला आमचा विरोध नाही. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजनांचे पाणी विजेच्याच जोरावर आमच्या शिवारात चढते. आमचा प्रश्न एवढाच आहे की, वाहिनी कुठून जाणार हे ठरवताना ज्याच्या रानातून ती जाणार त्याला कुठे, कधी बोलता येते?

विद्युत कायदा 2003 वाचला तर उत्तर सापडत नाही. पारेषणाच्या, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या, परवान्याचा अर्ज आला की कलम 15 नुसार सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. पण तिथे वीज नियामक आयोगापुढे विषय असतो परवान्याचा. कुणाच्या बागेत मनोरा येणार, हा नव्हे. वाहिनी उभारायला शासनाची पूर्वमंजुरी कलम 68 खाली मिळते, त्यात शेतकऱ्याला बोलावण्याची तरतूद नाही. पुढे कलम 164 खाली कंपनीला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार दिले की जमीनमालकाची संमतीही लागत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 2016 मध्ये हेच सांगितले. शेतकऱ्याने अडवले तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायालयात. तोवर मार्ग कागदावर पक्का झालेला असतो. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेत पारेषण वाहिन्या नाहीत, त्यामुळे कारखान्याच्या विस्तारासाठी होते तशी जनसुनावणीही इथे होत नाही.

मोबदला वाढला, हे खरे. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के असे धोरण आहे. पण 400 केव्हीचा पट्टा साधारण 46 मीटर रुंद असतो. शंभर मीटर रुंदीच्या रानावरून तो आडवा गेला तर पंचेचाळीस गुंठ्यांच्या वर जमीन त्याखाली येते. आमच्याकडे कित्येकांची सगळी बागच एवढी असते. सातबारा नावावर राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच वाढणारे झाड लावता येत नाही. द्राक्षाच्या मंडपाचे तर वेगळेच आहे. लोखंडी अँगल आणि तारांचे ते जाळे अशा वाहिनीखाली आले की प्रवर्तनाने त्यात विजेचा दाब निर्माण होतो, म्हणून नीट अर्थिंग लागते. ते कोण करून देणार, दर हंगामाला कोण तपासणार? विरळणीला आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बायका दिवसभर त्याच तारांखाली हात वर करून उभ्या असतात. हा प्रश्न मोबदल्याच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. तो मार्ग आखतानाच विचारावा लागतो, कारण पाचशे मीटर अलीकडे-पलीकडे पडीक माळ असेल तर तो विचारायचीच गरज उरत नाही.

म्हणून कलम 68 ची मंजुरी देण्याआधी शासनाने गट नंबरनिहाय मराठी नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि तलाठी कार्यालयात लावावा, कोणते पर्यायी मार्ग पाहिले आणि ते का सोडले हे त्यावर लिहावे, आणि तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी घ्यावी. हे अशक्य नाही. वीजदराच्या प्रस्तावांवर राज्य वीज नियामक आयोगाने पुणे, नाशिक, नागपूरला जाऊन सुनावण्या घेतल्याच आहेत. दरासाठी हे होऊ शकते, तर जमिनीसाठी का नाही? कायदा बदलायचीही वाट पाहायला नको. मंजुरी देणारे शासनच आहे, तेव्हा एका शासन निर्णयानेही याची सुरुवात करता येईल.

तोवर आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना माझी विनंती: गावाचे नाव सूचनेत दिसले की गट नंबर घालून लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि वेली, मंडप, ठिबक, विहीर यांचे मोजमाप होऊन पंचनाम्याची प्रत हातात पडल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली